फाटकाच्या आतली जबाबदारी

१८८४ सालच्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या गिरणगावात कामगारांच्या सभा भरल्या. सभा बोलावणारे होते नारायण मेघाजी लोखंडे. ते 'दीनबंधु' पत्राचे संपादक होते आणि जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. मुंबई सरकारने त्याच वर्षी कारखान्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला होता. त्या आयोगापुढे ठेवण्यासाठी सभेने एक निवेदन तयार केले आणि त्याखाली सुमारे ५,५०० कामगारांची नावे पडली.

निवेदनात पाच मागण्या होत्या. दर रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात पडावा. आणि कामावर असताना कोणी जखमी झाला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार द्यावा. कायमचा निकामी झाला, तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी.

गेली काही वर्षे मी कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्वाचे अहवाल आणि त्यांमागची आंतरराष्ट्रीय मानके वाचतो आहे. 'आयएसओ २६०००', 'एसए ८०००', आपल्या कंपनी कायद्यातले कलम १३५, सेबीने ठरवून दिलेला शाश्वततेचा अहवाल, अशी ती मोठी यादी आहे. या विषयावरचे बहुतेक लिखाण सुरू होते ते हॉवर्ड बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाच्या १९५३ सालच्या पुस्तकापासून. व्यावसायिकाची सामाजिक जबाबदारी हा त्या पुस्तकाचा विषय, म्हणून बोवेनला या विचाराचा जनक म्हणतात. पण ही मानके लोखंड्यांच्या निवेदनाशेजारी ठेवून वाचली, तर इतिहास वेगळा दिसू लागतो. उद्योगाने काय करावे हे सांगणारा एक नेमका, मोजता येईल असा कागद बोवेनच्या ६९ वर्षे आधी आपल्याकडे तयार झालेला होता. तो लिहिणारे मालक नव्हते आणि अभ्यासकही नव्हते. ती माणसे फाटकाच्या आत राबणारी होती.

मँचेस्टरचा कळवळा

कारखान्यांवर नियम असावेत ही मागणी आपल्याकडे संशयाच्या वातावरणातच जन्मली. मुंबईच्या गिरण्या वाढू लागल्या, तशी लँकेशायरच्या कापड गिरण्यांना स्पर्धा जाणवू लागली. इंग्लंडमध्ये मजुरांचे तास कायद्याने बांधलेले आणि मुंबईत मात्र मोकाट, ही तक्रार मँचेस्टरकडून होऊ लागली. १८७५ साली मुंबईत पहिला कारखाना आयोग बसला. त्याच वर्षी मुंबईच्या गिरणी मालकांनी आपला संघ स्थापन केला. मालकांचे म्हणणे सरळ होते: मजुरांच्या कळवळ्याचे हे केवळ निमित्त आहे, खरा हेतू देशी धंदा बुडवण्याचा आहे. बहुतेक राष्ट्रीय विचारांच्या वृत्तपत्रांनीही हीच भूमिका घेतली. आगरकरांच्या प्रभावाखालच्या 'मराठा' पत्रासारखे अपवाद थोडे होते.

मालकांचा संशय निराधार नव्हता. लँकेशायरचा स्वार्थ उघड होता. पण तेवढ्यावरून गिरण्यांतली परिस्थिती चांगली ठरत नव्हती. सोराबजी शापूरजी बंगाली हे मुंबईचेच पारशी गृहस्थ. मजुरांच्या संरक्षणासाठी कायद्याचा मसुदा तयार करून तो पुढे रेटण्याची खटपट त्यांनी केली. १८८१ साली पहिला कारखाना कायदा आला. शंभर किंवा अधिक मजुरांच्या कारखान्यांना तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायचे नाही आणि सात ते बारा वयाच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घ्यायचे नाही, एवढीच त्याची धाव. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात काहीही नव्हते.

लोखंड्यांचे निवेदन या पार्श्वभूमीवर वाचायला हवे. मालक विरुद्ध मँचेस्टर या वादात दोन्ही पक्ष कामगारांबद्दल बोलत होते. १८८४ साली कामगार स्वतः बोलले. लोखंडे इथेच थांबले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणी मालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली.

पाचांपैकी दोन मागण्या अशा सात वर्षांत मिळाल्या. उरलेल्यांना वेळ लागला. कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांच्या तासांवर पहिली मर्यादा आली १९११ मध्ये, तीही बारा तासांची. अपघाताची भरपाई कायद्यात आली १९२३ मध्ये. पगार वेळेवर देण्याचा कायदा झाला १९३६ मध्ये, म्हणजे निवेदनानंतर ५२ वर्षांनी.

नागपूरची एम्प्रेस मिल

या मधल्या काळात कायद्याची वाट न पाहणारा मालकही होता. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. या गिरणीत १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. पुढे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आला. देशाच्या कायद्यात तो खूप नंतर आला.

अपघाताच्या भरपाईची तीन साले एका ओळीत मांडून पाहावीत: १८८४, १८९५, १९२३. कामगारांनी मागितले, एका मालकाने दिले, मग राज्याने सर्वांवर बंधनकारक केले. सामाजिक उत्तरदायित्वाच्या पुस्तकांत बहुधा मधले सालच सापडते. चांगल्या मालकाचे श्रेय खरेच आहे, ते कमी करण्याचे कारण नाही. पण मधल्या सालापासून इतिहास सुरू केला की जबाबदारी ही मालकाच्या मनाच्या मोठेपणाची गोष्ट होऊन बसते. पहिले साल धरले, की ती मागणी असते. मागणीला उत्तर द्यावे लागते.

टाटा स्टीलने १९७० साली आपल्या नियमावलीतच समाज, कामगार आणि ग्राहक यांच्याविषयीची जबाबदारी नोंदवली. १९७९ मध्ये या जबाबदारीचा लेखाजोखा घेण्यासाठी बाहेरच्या माणसांची समिती नेमली. निवृत्त न्यायमूर्ती एस. पी. कोतवाल, राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी आणि प्रा. पु. ग. मावळंकर हे तिचे सदस्य होते. देशातले हे पहिले सामाजिक लेखापरीक्षण. या कामात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. तपासणारे लोक कंपनीचे नव्हते. आणि कामगारांविषयीची जबाबदारी व आसपासच्या वस्त्यांविषयीची जबाबदारी ही एकाच खात्यात धरलेली होती. आत आणि बाहेर अशी फाळणी अजून व्हायची होती.

कार्यपद्धतीचे मानक

त्याच सुमारास जगात वेगळ्याच ठिकाणी, वेगळ्याच कारणासाठी एक यंत्रणा उभी राहत होती. आंतरराष्ट्रीय मानक संघटना, म्हणजे आयएसओ, १९४७ मध्ये सुरू झाली. आपली भारतीय मानक संस्था, जिचा 'आयएसआय' शिक्का घरोघरी माहीत आहे, तीही १९४७ चीच आणि आयएसओची संस्थापक सदस्य. सुरुवातीची मानके वस्तूंची होती: स्क्रूचे आटे, कागदाचे आकार, मोजमापाच्या पद्धती. स्क्रू मानकाप्रमाणे आहे की नाही हे मोजून कळते.

पण वस्तू हजारो सुट्या भागांची असेल, तर प्रत्येक भाग कोण मोजणार? अमेरिकेच्या लष्कराने १९५९ मध्ये यावर उपाय काढला: माल तपासण्याबरोबर पुरवठादाराची काम करण्याची पद्धतही तपासायची. ब्रिटनने १९७९ मध्ये याच विचाराचे 'बीएस ५७५०' हे मानक काढले आणि १९८७ मध्ये त्यावरून 'आयएसओ ९०००' मालिका आली. एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या फाटकावर जी पाटी दिसते, ती या घराण्यातली. तुम्ही जे करता ते लिहून ठेवता का, लिहिले तसे वागता का, चूक सापडली तर दुरुस्तीची नोंद करता का, असे तिचे प्रश्न असतात. आयएसओ स्वतः कोणालाच प्रमाणपत्र देत नाही. ते काम खासगी प्रमाणन संस्था करतात आणि त्यांची फी तपासून घेणारी कंपनीच भरते. दोन कंपन्यांमधल्या मालाच्या व्यवहाराला ही पद्धत पुरेशी आहे, कारण माल खराब निघाला तर घेणारा तो परत पाठवतो. तपासणीवर त्याची नजर असतेच.

ही पद्धत पुढे पर्यावरणाला लावली गेली. रिओच्या १९९२ च्या परिषदेनंतर, १९९६ मध्ये 'आयएसओ १४००१' आले. सुरक्षिततेला ती लावली गेली आणि २०१८ मध्ये 'आयएसओ ४५००१' आले. इथे अडचण सुरू होते. खराब हवा आणि तुटलेला हात परत पाठवता येत नाही.

भोपाळ आणि कराची

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती. सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणी काढून ठेवलेला होता. या सगळ्या गोष्टी फाटकाच्या आतल्या. आतल्या माणसांना त्या दिसत होत्या. मेली ती मात्र मुख्यतः बाहेरच्या वस्तीतली माणसे. आत आणि बाहेर या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या नाहीत, हे भोपाळपेक्षा स्पष्टपणे कशानेच सांगितलेले नाही.

त्याची उत्तरे दोन प्रकारची आली. रसायन उद्योगाने स्वयंशिस्तीची योजना काढली. कॅनडात १९८५ मध्ये 'रिस्पॉन्सिबल केअर' सुरू झाली आणि ती जगभर पसरली. दुसरीकडे कायदे झाले. आपल्या कारखाना कायद्यात १९८७ मध्ये नवे प्रकरण घातले गेले. त्यानुसार धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना आणि शेजारच्या वस्तीला देणे बंधनकारक झाले, सुरक्षा समितीत कामगारांचे आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी समान संख्येने असावेत असे ठरले, आणि धोका दिसल्यास तो वरिष्ठांच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. लोखंड्यांच्या निवेदनाशी या कलमांचे नाते जवळचे आहे, कारण प्रश्न विचारणारा म्हणून त्यांनी आतल्या माणसाला मान्यता दिली.

नंतर दशकभराने मँचेस्टरचा वाद नव्या रूपात परतला. डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद भरली. व्यापाराच्या करारांत कामगार मानकांची अट घालावी, असा श्रीमंत देशांचा आग्रह होता. भारताने आणि इतर विकसनशील देशांनी तो हाणून पाडला. कामगारांच्या नावाने आमच्या स्वस्त मालाला दार बंद करण्याचा हा डाव आहे, हा युक्तिवाद १८७५ च्या गिरणी मालकांनी शब्दशः ओळखला असता. संशय याही वेळी निराधार नव्हता. आणि याही वेळी कामगार चर्चेच्या खोलीबाहेरच होते.

व्यापार कराराची वाट अशी बंद झाली, तरी युरोप-अमेरिकेतल्या ग्राहकांचा दबाव थांबला नाही. १९९७ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका संस्थेने 'एसए ८०००' हे खासगी मानक काढले. बालमजुरी, वेठबिगारी, कामाचे तास, वेतन, सुरक्षितता, संघटनेचा हक्क, सारे त्यात आहे. लोखंड्यांच्या बहुतेक मागण्या त्यात चपखल बसतात. तपासणीची रीत मात्र आयएसओ ९००० च्या वळणाची: खासगी परीक्षक येतो, कागद पाहतो, काही लोकांशी बोलतो, प्रमाणपत्र देतो.

११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीच्या बलदिया टाउनमधल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. अडीचशेहून अधिक कामगार मेले. तिथे एका जर्मन दुकान साखळीसाठी जीन्स शिवल्या जात होत्या. आग कशी लागली यावर पुढे वर्षानुवर्षे खटला चालला आणि ती लावली गेली, असे न्यायालयाने धरले. पण आग लागण्याचे कारण काहीही असो, बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या आणि खिडक्यांना गज होते. या कारखान्याला 'एसए ८०००' चे प्रमाणपत्र मिळाले होते ते आगीच्या आदल्याच महिन्यात. दार कुलूपबंद असते हे तिथे रोज जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असणार. त्यांचे म्हणणे प्रमाणपत्रापर्यंत पोचले नाही. मानकाचा मजकूर चांगला होता. उणीव होती ती कोण कोणाला उत्तर देतो, यात. परीक्षक कंपनीला उत्तर देत होता, कंपनी खरेदीदाराला देत होती. शिलाई मशीनवरच्या माणसाला कोणीच उत्तर देत नव्हते.

एक मतदान आणि एक कायदा

हा दोष आयएसओच्या आत काम करणाऱ्यांना माहीत नव्हता असे नाही. सामाजिक उत्तरदायित्वाचे मानक असावे, हा विचार आयएसओमध्ये २००१ पासून ग्राहकविषयक समितीने पुढे नेला. मार्च २००५ मध्ये ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात कामाला सुरुवात झाली. नेतृत्व ब्राझील आणि स्वीडन यांच्याकडे जोडीने होते. उद्योग, सरकार, कामगार, ग्राहक, स्वयंसेवी संस्था आणि अभ्यासक-सल्लागार अशा सहा गटांचे प्रतिनिधी त्यात बसले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेशी आयएसओने लेखी करार केला. १ नोव्हेंबर २०१० रोजी 'आयएसओ २६०००' प्रसिद्ध झाले. कारभार, मानवी हक्क, कामगारांशी व्यवहार, पर्यावरण, व्यवहारातली सचोटी, ग्राहक आणि स्थानिक समाज हे त्याचे सात मुख्य विषय आहेत. देणग्या म्हणजे जबाबदारी नव्हे, तुमच्या निर्णयांचे जे परिणाम होतात त्यांची ती जबाबदारी, अशी त्याची भूमिका आहे. आणि त्यात जाणीवपूर्वक असेही नमूद केले आहे की, हे प्रमाणपत्रासाठीचे मानक नाही. 'आम्ही २६००० प्रमाणित आहोत' असे कोणी म्हणत असेल, तर तो मानकाचा विपर्यास आहे.

अंतिम मतदानात ९० टक्क्यांहून अधिक मते बाजूने पडली. पाच देशांनी विरोध केला: अमेरिका, क्युबा, तुर्की, लक्झेंबर्ग आणि भारत.

विरोधी मत देणाऱ्या भारताने तीन वर्षांच्या आत स्वतःचा मार्ग काढला. कंपनी कायदा, २०१३ मधले कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. अशी टक्केवारी कायद्यात घालणारे देश फार थोडे. या पैशातून शाळा, दवाखाने, पाण्याच्या योजना, स्वच्छतागृहे उभी राहिली, हे खरे आहे आणि ते चांगलेच आहे.

पण या कायद्याखालचे नियम नीट वाचावेत. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायातली कामे या खर्चात धरली जात नाहीत. कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याची कामेही धरली जात नाहीत. यामागचा तर्क योग्य आहे: कामगाराला कायद्याने द्यायचे ते देऊन कोणी ते परोपकाराच्या खात्यात टाकू नये. मात्र परिणाम असा झाला, की रोजच्या बोलण्यात 'सीएसआर' या शब्दातून फाटकाच्या आतला माणूस गळून पडला. 'सीएसआरमधून काय मिळेल' असे गावचे सरपंच विचारतात, संस्थाचालक विचारतात. कंत्राटी कामगाराने तो प्रश्न विचारायची सोयच नाही. एम्प्रेस मिलचा निवृत्तिवेतन निधी आणि अपघात भरपाई, म्हणजे ज्या गोष्टींना आपण भारतीय सामाजिक उत्तरदायित्वाची सुरुवात मानतो, त्या आजच्या या व्याख्येत बसल्या नसत्या.

आतला प्रश्न पुसला गेला नाही. तो दुसऱ्या कागदावर गेला. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर हा अहवाल सक्तीचा केला. त्यात कायम आणि कायम नसलेल्या कामगारांची संख्या वेगवेगळी द्यावी लागते. किती जणांना किमान वेतन मिळते, किती जणांना त्याहून अधिक, अपघात किती, मृत्यू किती, कामगारांच्या तक्रारी किती आल्या आणि किती पडून आहेत, हेही सांगावे लागते. म्हणजे लोखंड्यांच्या पाचव्या मागणीचा हिशेब आज तक्त्यात मिळतो. उणीव एवढीच, की हजार मोठ्या कंपन्यांच्या पलीकडे, जिथे बहुसंख्य माणसे काम करतात त्या लहान पुरवठादारांच्या शेडमध्ये, हा तक्ता फारसा पोचत नाही. शिवाय तो भरणारी कंपनीच असते.

या दीडशे वर्षांत मानकांचा मजकूर सतत सुधारत आला आहे. कोणत्याही मानकाबद्दल तीन गोष्टी पाहाव्यात, असे मला या वाचनातून वाटू लागले आहे: तपासणाऱ्याला पैसे कोण देतो, ज्याच्यासाठी मानक केले त्याला बोलण्याची जागा आहे का, आणि तो बोलल्यावर उत्तर देणे कोणावर बंधनकारक आहे. मानक परदेशी आहे की देशी, हा वाद आपण १८७५ पासून घालत आहोत. १८८४ च्या सभेने त्या वादात न पडता आपले म्हणणे मांडले होते.

बीआरएसआर अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर कोणालाही फुकट वाचता येतात. आपल्या तालुक्यातल्या, आपल्या घरातले कोणी जिथे कामाला आहे अशा कंपनीचा अहवाल उघडावा. सुरुवातीची छायाचित्रे आणि शाळांना वाटलेल्या बाकांची यादी ओलांडून 'कायम नसलेले कामगार' या रकान्यापर्यंत यावे. तिथला आकडा कायम कामगारांच्या आकड्याशी ताडून पाहावा, आणि मग अपघातांच्या तक्त्यात या दोघांची नोंद वेगवेगळी आहे का, ते तपासावे.